कमी आकड्याचा दिलासा नको



आरोग्याविषयी वर्ध्यात बोलायचे म्हणजे जबाबदारीने बोलावे लागते. डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय उभे केले आणि 1969 साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. खेड्यातल्या माणसाचा आजार खेड्यात जाऊन समजून घ्यायचा, ही या मातीतली शिकवण आहे. आज जे मांडणार आहे ते त्याच शिकवणीला धरून आहे.

आपल्या बैठकांमध्ये एक प्रश्न हमखास विचारला जातो. वर्धा जिल्ह्यातला कॅन्सरचा मृत्युदर देशाच्या मानाने कमी आहे की जास्त? आणि तो वाढतो आहे की घटतो आहे? प्रश्न रास्त आहे. पण उत्तर म्हणून एखादा आकडा फळ्यावर लिहून आपण मोकळे झालो, तर स्वतःची फसगत करून घेऊ. माझे आजचे म्हणणे थोडक्यात असे : जिल्ह्यातला प्रत्येक मृत्यू कारणासह नोंदला जात नाही तोवर कमी मृत्युदराचा दिलासा मानू नये. मृत्यूची नोंद नीट ठेवणे हे कारकुनी काम नव्हे, कॅन्सरवरच्या उपचाराचाच तो भाग आहे.

प्रथम, हे आकडे येतात कुठून ते पाहू. लोकसंख्येवर आधारित कॅन्सर नोंदणीची सुरुवात आपल्या देशात मुंबईला झाली. इंडियन कॅन्सर सोसायटीने 1963 साली ती केली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा राष्ट्रीय कॅन्सर नोंदणी कार्यक्रम 1981 साली आला. पण ही सारी नोंदणी शहरांतली. खेड्याची पहिली नोंदणी 1987 साली बार्शीला सुरू झाली आणि बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या 346 गावांचा कॅन्सर देशाला प्रथम दिसला. देशातल्या पहिल्या शहरी आणि पहिल्या ग्रामीण अशा दोन्ही नोंदणी महाराष्ट्रातल्या आहेत, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. 2010 मध्ये सेवाग्रामच्या संस्थेत वर्धा जिल्ह्याची नोंदणी सुरू झाली. 2011 च्या जनगणनेनुसार 13,00,774 लोकवस्तीचा हा आपला जिल्हा; शहरेही आहेत, पण जीव खेड्यांत आहे. विदर्भातल्या ग्रामीण माणसाचा कॅन्सर ज्यातून दिसतो, अशी ही मोलाची खिडकी आहे.

या नोंदणींतून काय दिसते? 2012 ते 2016 या काळाचा 28 नोंदणी केंद्रांचा राष्ट्रीय अहवाल पाहा. पुरुषांमध्ये नव्या रुग्णांचा वयप्रमाणित दर मिझोरामच्या ऐझॉल जिल्ह्यात लाखाला 269.4, तर आपल्याच राज्यातल्या उस्मानाबाद-बीडमध्ये 39.5. एकाच देशात जवळपास सातपट फरक! स्त्रियांमध्ये अरुणाचलच्या पापुमपारेत 219.8, तर उस्मानाबाद-बीडमध्ये 49.4. वर्धा या पट्टीवर खालच्या बाजूला, मुंबई-दिल्लीच्या बरेच मागे आहे. अशा देशाची सरासरी हे कुठल्याच जिल्ह्याचे चित्र नसते. शिवाय ती सरासरी काढताना वापरलेल्या नोंदणी केंद्रांखाली देशाची सारी लोकसंख्या येत नाही. अगदी अलीकडच्या 43 केंद्रांखालीही ती फार तर 18 टक्के येते. म्हणजे ज्या राष्ट्रीय आकड्याशी आपण ताडून पाहतो, तोही बराचसा अंदाज आहे.

तुलनेचे काही साधे नियम आहेत, ते तरुण मित्रांनी पक्के लक्षात ठेवावेत. कॅन्सर हा मुख्यतः उतारवयाचा आजार. ज्या जिल्ह्यात म्हातारी माणसे अधिक, तिथे ढोबळ दर आपोआप जास्त येतो. म्हणून दोन प्रदेशांची तुलना, वयाचा फरक वजा करणाऱ्या वयप्रमाणित दरानेच करायची. दुसरे, वर्षभराहून अधिक काळ जिल्ह्यात राहणाऱ्यालाच जिल्ह्याचा रहिवासी धरायचे. उपचारापुरता नातेवाइकांकडे आलेला रुग्ण आपला नाही आणि उपचारासाठी बाहेर गेलेला आपला रहिवासी मात्र आपलाच. तिसरे, लहान आकड्यांपासून सावध राहायचे. एखाद्या अवयवाच्या कॅन्सरने गेल्या वर्षी दहा माणसे गेली आणि यंदा चौदा गेली, तर कागदावर ती 40 टक्के वाढ होते. तिला वाढ म्हणण्याआधी तीन-चार वर्षांचे आकडे एकत्र करून पाहावेत.

हे नियम नव्या रुग्णांच्या बाबतीत बऱ्यापैकी पाळता येतात, कारण रुग्ण कुठेतरी तपासणीला जातो, बायोप्सीचा कागद निघतो आणि नोंदणीतला माणूस त्या कागदापर्यंत पोचतो. मृत्यूच्या बाबतीत सगळी घडी विस्कटते. आष्टी तालुक्यातली एखादी बाई डोळ्यांसमोर आणा. स्तनात गाठ. सेवाग्राम किंवा सावंगीच्या रुग्णालयात निदान झाले, पुढे नागपूरला तुकडोजी महाराजांच्या नावाच्या कॅन्सर रुग्णालयात किंवा जामठ्याला उपचार झाले. काही महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या. घरी करणारे कोणी नाही म्हणून लेकीने तिला अमरावतीला नेले आणि तिथेच ती गेली. जन्म-मृत्यू नोंदणीचा 1969 चा कायदा सांगतो की मृत्यू जिथे घडला तिथे नोंदवायचा. म्हणजे तो दाखला अमरावतीचा. मृत्यू घरी झालेला, त्यामुळे कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र नाही. रजिस्टरमध्ये कारणाच्या रकान्यात उतरते ‘वृद्धापकाळ’, नाहीतर ‘दीर्घ आजार’. रुग्णालयात मृत्यू झाला तरी पुष्कळदा लिहिले जाते ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’. हृदयक्रिया प्रत्येकाचीच बंद पडते. ती कशामुळे बंद पडली ते लिहायचे असते. अशी ही बाई आपल्या नोंदवहीत रुग्ण म्हणून आली आणि मृत म्हणून कधी आलीच नाही. तिच्या मृत्यूने जिल्ह्याचा मृत्युदर तसूभरही हलला नाही.

हे एकट्या वर्ध्याचे दुखणे नाही. देशात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी जेमतेम पाचातल्या एकाचे कारण वैद्यकीय प्रमाणपत्राने ठरते. 2015 ते 2019 या काळात देशातल्या 43 नोंदणी केंद्रांनी मिळून 7,08,223 नवे रुग्ण आणि 2,06,457 मृत्यू नोंदवले. शंभर रुग्णांमागे 29 मृत्यू. त्याच केंद्रांच्या आकड्यांवरून केलेल्या अभ्यासाने 2024 साठी सबंध देशाचा अंदाज दिला तो 15,62,099 नवे रुग्ण आणि 8,74,404 मृत्यू असा. शंभर रुग्णांमागे 56. मित्रहो, 29 आणि 56 यांच्यामधल्या दरीकडे डोळसपणे बघा. आपल्याकडचा रुग्ण उशिरा येतो आणि अर्धवट उपचार घेतो, हे आपण रोज पाहतो. अशा ठिकाणी शंभरातले 71 वाचत असतील यावर कोणाचा विश्वास बसेल? त्या दरीत मुख्यत्वे नोंदीपर्यंत न पोचलेले मृत्यू आहेत.

म्हणून कुठल्याही जिल्ह्याचा कमी मृत्युदर हाती आला की शेजारी दुसरा आकडा मागा : शंभर नव्या रुग्णांमागे किती मृत्यू नोंदले गेले? उपचार उत्तम नसताना हे प्रमाण फार कमी असेल, तर मृत्युदराची तुलना तिथेच थांबवायची आणि नोंदणी दुरुस्त करायला लागायचे.

घरोघरी जाऊन विचारले तर काय सापडते, तेही आपल्याला ठाऊक आहे. ‘मिलियन डेथ स्टडी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासात पाहणीदार मृताच्या घरी गेले, आजार कसा सुरू झाला, काय काय लक्षणे होती हे कुटुंबीयांकडून ऐकून लिहून घेतले आणि डॉक्टरांनी त्यावरून कारण ठरवले. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार 2010 मध्ये भारतात कॅन्सरने 5,56,400 मृत्यू झाले. त्यातले 71 टक्के 30 ते 69 या वयातले, म्हणजे कर्त्या माणसांचे. या वयोगटातल्या पुरुषांचा वयप्रमाणित मृत्युदर शहरात लाखाला 102.4 आणि खेड्यात 95.6, स्त्रियांचा शहरात 91.2 आणि खेड्यात 96.6. खेड्यात कॅन्सर फारसा नसतो, या समजुतीला इथे जागाच उरत नाही. आणि शिक्षण सर्वांत कमी असलेल्यांमधला मृत्युदर उच्चशिक्षितांच्या दुप्पट होता. नोंदवहीतून जे निसटतात, त्यांच्यात गरीब आणि अशिक्षित जास्त असणार हे उघड आहे. जिथे मरण जास्त, तिथेच नोंद कमी!

आता दराच्या चढउताराविषयी. आपली नोंदणी 2010 पासूनची आहे. अशा तरुण नोंदणीत पहिल्या काही वर्षांत आकडे चढतात त्याचे एक कारण नोंदणीची पोच वाढणे हे असते. पुढे 2020 आणि 2021 साली कोविडमुळे तपासण्या थांबल्या, रुग्ण घरी राहिले. ती दोन वर्षे घट म्हणून वाचायची नसतात. दर वाढला म्हणून घाबरू नका आणि उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. निदानाच्या वेळी आजार कोणत्या टप्प्यावर होता, हा आकडा दरवर्षी सोबत ठेवा. पहिल्या-दुसऱ्या टप्प्यावर येणारे रुग्ण वाढत असतील, तर आपण योग्य वाटेवर आहोत.

आकड्यांचा आग्रह मी कशासाठी धरतो आहे, ते सांगायला हवे. आपल्या जिल्ह्यात पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर आघाडीवर आहे. 2012 साली राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण खर्रा चालूच राहिला. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घेऊन तो घोटला जातो, पुडी खिशात जाते आणि दिवसभर गालात धरली जाते. आधी तिखट सोसेनासे होते, मग तोंड पुरते उघडत नाही, गालात पांढरा चट्टा दिसतो. ही सगळी पूर्वसूचना आहे आणि ती टॉर्चच्या उजेडात गावातल्या आशाताईलाही दिसू शकते. स्त्रियांमध्ये स्तनाचा कॅन्सर पहिला आहे. सेवाग्रामच्याच संशोधकांनी दाखवले आहे की स्तनाच्या कॅन्सरच्या जवळजवळ निम्म्या रुग्ण स्त्रिया लक्षण जाणवल्यावर तीन महिन्यांहून अधिक काळ डॉक्टरकडे गेल्या नाहीत. गाठ दुखत नाही, म्हणून थांबतात. कापूस वेचणी आटोपू दे, म्हणून थांबतात.

आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविषयी तर जगाला मार्ग दाखवणारा प्रयोग महाराष्ट्राच्या खेड्यांत झाला. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या 1,31,746 स्त्रियांच्या अभ्यासात, एकदाच केलेल्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. 2009 साली हे प्रसिद्ध झाले. ध्यानात घ्या, हे कळले ते केवळ तिथल्या संशोधकांनी गावोगावी फिरून वर्षानुवर्षे मृत्यू मोजले म्हणून. मृत्यूंची नोंद ढिसाळ असती, तर तपासणीचा उपयोग सिद्धच झाला नसता.

म्हणून या परिषदेपुढे मी काही ठोस गोष्टी ठेवतो. जिल्ह्यातल्या सर्व ग्रामपंचायती आणि नगर परिषदांची मृत्यूची रजिस्टरे दर महिन्याला कॅन्सर नोंदणीशी ताडून पाहिली जावीत. नागपूर आणि अमरावतीत मरण पावलेल्या आपल्या रहिवाशांची यादी तिथून नियमित मागवली जावी. 2023 च्या दुरुस्तीने मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र देणे वैद्यकीय संस्थांना बंधनकारक केले आहे; ते कसे लिहायचे, हे प्रत्येक इंटर्नला शिकवून त्याची परीक्षा घ्यावी. घरी झालेल्या मृत्यूनंतर, सुतक संपल्यावर, आशाताईने त्या घरी जाऊन आजाराची हकीकत लिहून आणावी आणि या कामाचा तिला वेगळा मोबदला मिळावा. तिच्या खांद्यावर आधीच पुष्कळ ओझे आहे. फुकटचे आणखी एक काम तिला सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. आणि तालुकावार, तीन वर्षांचे एकत्रित आकडे, रुग्णांमागे नोंदलेल्या मृत्यूंच्या प्रमाणासह, मराठीत छापून ग्रामसभेत वाचले जावेत.

हे जमेल का, असे कोणी विचारील. वर्ध्याने हे पूर्वी करून दाखवले आहे. 1951 साली इथे गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले. प्रतिष्ठानच्या डॉ. वार्डेकरांनी आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट पाहिली नाही. ते घरोघरी गेले, एकेक माणूस तपासला, समजावून सांगितले आणि उपचार दिले. पाहणी, शिक्षण आणि उपचार ही त्यांची पद्धत पुढे देशाने उचलली. ज्या आजाराचे नाव घ्यायलाही लोक धजत नव्हते, त्या आजाराची घरोघर मोजणी याच जिल्ह्यात झाली. आज आपल्याजवळ रस्ते आहेत, फोन आहेत, दोन वैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि दरवर्षी एक गाव दत्तक घेणारे सेवाग्रामचे विद्यार्थी आहेत. त्या विद्यार्थ्यांनी दत्तक गावातल्या मृत्यूंची हकीकत लिहिण्यापासून सुरुवात करावी, अशी माझी त्यांना जाहीर विनंती आहे.

पूर्ण नोंद झाल्यावर कदाचित आपला मृत्युदर वाढलेला दिसेल, देशाच्या सरासरीच्याही वर जाईल. त्या दिवशी वर्तमानपत्रांत वर्ध्याची बदनामी झाली असे कोणी म्हणेल. अधिकाऱ्यांनी, डॉक्टरांनी आणि लोकप्रतिनिधींनी त्या वेळी नोंद ठेवणाऱ्यांच्या मागे ठामपणे उभे राहावे, एवढे वचन मला आज या सभागृहाकडून हवे आहे. खरा आकडा कितीही कडू असला तरी कोणत्या तालुक्यात तपासणीची गाडी आधी पाठवायची, ते तोच सांगेल. त्या आकड्यासाठी येत्या वर्षभर झटू या.

जय जगत!