आरोपीच्या बाजूने उभी राहणारी आपली मैत्रीण



आयोजकांनी मला ‘माझं क्षेत्र’ या विषयावर पाच मिनिटं दिली आहेत. संगणकाबद्दल तुमची मुलंच तुम्हाला जास्त सांगतील, म्हणून मी आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीच्या कामाबद्दल बोलते. नाव घ्यायचं नाही, अशी तिची अट आहे. पण ती इथेच बसून मान खाली घालून हसते आहे, तेव्हा तुम्ही ओळखलंच असेल.

ती फौजदारी वकील आहे, आरोपीच्या बाजूची. घरात कोणी वकील नव्हतं. एलएल.बी. झाली, सनद घेतली आणि एका ज्येष्ठ वकिलांकडे तारखा सांभाळत, जामिनाचे अर्ज लिहीत काम शिकली. वीस वर्षांनंतर आज ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोकअभिरक्षक कार्यालयात आहे. २०२२च्या या योजनेत मुख्य लोकअभिरक्षकाला फौजदारी कामाचा किमान १० वर्षांचा अनुभव लागतो. तिथल्या वकिलांना खासगी प्रकरणं घेता येत नाहीत आणि अशिलाकडून फी घ्यायची नसते.

आपल्या ग्रुपवर तिला अधूनमधून कोणीतरी विचारतंच, “गुन्हेगारांना का वाचवतेस?” उत्तर मी देते. आमच्याकडे टेस्टर असतो. मी लिहिलेला प्रोग्रॅम कुठे फसतो, हे शोधणं त्याचं काम. तो माझा शत्रू नव्हे. त्याने न तपासलेलं काम लोकांच्या हाती द्यायला मीच धजणार नाही. तीही तेच करते. पंच खरंच जागेवर होते का? वेळा जुळतात का? साक्षीदार पोलिसांना एक आणि कोर्टात दुसरंच सांगतो का? एवढ्या तपासणीतून टिकलेल्या शिक्षेवर आपण निर्धास्त विश्वास ठेवू शकतो. फरक एकच. माझी चूक पुढच्या आवृत्तीत सुधारते, तुरुंगात गेलेली वर्षं कोणालाच परत देता येत नाहीत.

१९७९ मध्ये पुष्पा कपिला हिंगोरानी या वकील बाईंनी बिहारच्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. गुन्हा सिद्ध झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून जास्त काळ काही जण खटल्याविनाच आत होते. हुसैनारा खातून खटला तो हाच. गरीब आरोपीला मोफत वकील मिळणं हा त्याचा हक्क आहे, असं न्यायालयाने त्यात स्पष्ट केलं.

आता टिपून घ्या. अटक करताना कारण सांगावं लागतं. आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता येतो. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावं लागतं. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती, यांना उत्पन्न न पाहता मोफत विधी सेवा मिळू शकते. हेल्पलाइन १५१००. आपल्याला कदाचित लागणार नाही, पण घरी कामाला येणाऱ्या ताईंना, सोसायटीच्या वॉचमनकाकांना हा नंबर जरूर द्या.

नागरिकशास्त्रातले मूलभूत हक्क आपण सगळ्यांनी मार्कांसाठी पाठ केले. एकीने ते कोर्टात वापरायला घेतले. सर, बाई, तुमचे ते तास वाया गेले नाहीत.

आणि हो, जेवताना तिला जमिनीच्या वाटण्यांबद्दल विचारू नका. ते दिवाणी वकिलांचं काम!