जत्रेतला फुगा आणि धातूची तार

श्रोतेहो, जत्रेत मिळणारा लांबट, काकडीसारखा फुगा तुम्ही कधी फुगवून पाहिला आहे का? आरंभी गाल दुखेपर्यंत फुंकावे लागते. मग एकाएकी एका ठिकाणी फुगवटा येतो आणि पुढचे काम सोपे होते. गंमत अशी, की सगळा फुगा सारखा जाड होत नाही. एक भाग पुरता फुगलेला, दुसरा बारीकच. आणि दोहोंमधली सीमा हळूहळू शेपटीकडे सरकत जाते. अर्धवट फुगलेला भाग त्या सीमेखेरीज कुठेच सापडत नाही. असे का व्हावे बरे?

असाच प्रकार एका धातूच्या तारेत घडतो. निकेल आणि टायटॅनियम यांचे अणू जवळजवळ निम्मेनिम घेतले, की निटिनॉल हा मिश्रधातू होतो. १९५९ च्या सुमारास अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांना त्याचे गुण प्रथम ध्यानात आले. आज दात सरळ करण्याच्या तारा आणि पायाच्या अरुंद झालेल्या रोहिणीत बसवायच्या जाळ्या यांच्यासाठी तो वापरतात. साधी लोखंडी तार शेकडा अर्धाही ताणण्याआधीच कायमची लांबते. ही तार शेकडा सहापर्यंत ताणली, तरी सोडल्यावर परत पहिल्यासारखी होते. ताण एका मर्यादेला पोचला, की तारेच्या एका भागात अणूंची मांडणीच बदलते आणि नव्या-जुन्या मांडणीची सीमा तारेवरून चालू लागते.

याचे गणित १९७५ साली जेराल्ड एरिक्सन यांनी मांडले. तार इतकी बारीक, की फक्त तिच्या लांबीचाच विचार केला तरी चालते. तारेच्या प्रत्येक तुकड्यात किती ऊर्जा साठते, याची एक वक्ररेषा त्यांनी काढली. साध्या धातूला एकच खळगा असतो. इथे दोन खळगे, आणि मध्ये उंचवटा. आता उंचवट्यावर गोटी ठेवून पाहा. ती इकडे तरी घरंगळते, नाहीतर तिकडे. तारेचेही तसेच. मधल्या ताणात कुणी राहायला तयार नाही. काही तुकडे एका खळग्याकडे, काही दुसऱ्याकडे.

एक उदाहरण घेऊ. समजा, तार १०० सेंटिमीटर आहे. जुना भाग शेकडा १ ताणलेला, नवा शेकडा ६. आपण तार एकंदर ३ सेंटिमीटर ताणली. नवा भाग किती? ४० सेंटिमीटर! कारण ४० चे शेकडा ६ म्हणजे २.४, आणि उरलेल्या ६० चे शेकडा १ म्हणजे ०.६, बेरीज ३. फळ्यावर मांडण्याजोगे आहे की नाही?

मात्र हे चाळीस सेंटिमीटर सलग असतील की दहा ठिकाणी विखुरलेले, हे साधे गणित सांगत नाही. प्रत्येक सीमेला थोडी ऊर्जा खर्चावी लागते, हे पुढे त्यात धरले गेले. म्हणून सीमा थोड्याच राहतात. शिवाय तार भरभर ओढली, तर मांडणी बदलताना उष्णता सुटते, तार तापते आणि जास्त जोर लावावा लागतो.

आता तुम्ही म्हणाल, याचा आपल्याला उपयोग काय? शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गातल्या निम्म्या मुलांना ९० आणि निम्म्यांना १० गुण मिळाले, तर सरासरी ५० येते. पण ५० गुणांचे मूल त्या वर्गात एकही नसते. तारेची सरासरी ३ आली म्हणून सगळी तार ३ ने ताणली आहे असे धरून कुणी रोहिणीतली जाळी बनवली, तर ते चुकेल. जिथे सीमा पुन्हापुन्हा ये-जा करते, तिथे धातू थकतो. सरासरी खोटी नसते. पण ती कुणाची, हे विचारायला हवे.

उद्या वर्गात एक लांबट फुगा जरूर न्या. अर्धा फुगवा, आणि मुलांनाच सीमा शोधू द्या.