सरांची शिट्टी आणि आपला अंगठा

(गंगाखेड इथं कॉलेजातल्या खेळाडू पोरापोरींच्या बैठकीत केलेलं भाषण)



मला इथं जुना खेळाडू म्हणून बोलावलंय. आधीच सांगतो, माझ्याकडं मेडल एकही नाही. एक प्रमाणपत्र आहे. ते कसं मिळालं, तेच सांगायला उभा आहे.

मी पंधराशे मीटर पळायचो. बाप मोंढ्यात हमाल. पायात बूट नाहीत. पहाटे चारला गोदावरीच्या काठानं अनवाणी पळायचो. कॉलेजचे सर त्या काठाला कधी फिरकले नाहीत. कॉलेज कोणतं ते सांगत नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीची सुटतात.

निवडीच्या दिवशी मी दुसरा आलो. यादी लागली, तर माझं नाव नाही, चौथ्याचं आहे. विचारायला गेलो. सर म्हणाले, "तुमच्या लोकांना सवलती हाईत की! अजून काय पायजे?" उलट बोललो म्हणून भर दुपारी मैदानात अंगठे धरायला लावले. पाठीवर शिट्टीची दोरी. सगळी टीम बघत होती. कुणी हसलं, कुणी मान खाली घातली.

पुढच्या वर्षी माझं नाव यादीत आलं. त्याच वर्षी आपल्याच वस्तीतल्या अकरावीच्या एका पोराला सरांनी जातीवरून शिव्या देत लाथांनी तुडवलं. मी दहा हातांवर उभा होतो. बोललो नाही. माझ्या प्रमाणपत्रावर सही व्हायची होती. त्या पोरानं मैदान सोडलं, मग कॉलेजही सोडलं. आणि घरी मी काय सांगितलं? "सर कडक आहेत, पण मनानं चांगले आहेत." एकलव्याचा अंगठा द्रोणानं मागितला तरी होता. माझा मी न मागता दिला.

सरकार १९८५ पासून प्रशिक्षकांना द्रोणाचार्यांच्या नावानं पुरस्कार देतं. ज्याला एक दिवस शिकवलं नाही, त्याच्याकडून दक्षिणा मागणारा हा गुरू! मेडलं मोजली जातात. मार खाऊन मैदान सोडलेली पोरं कोण मोजतं?

सरांचा दरारा शिट्टीत नाही, पेनात आहे. यादी त्यांची, शिफारस त्यांची. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. हमालाच्या, ऊसतोड कामगाराच्या पोराला या कागदाची किंमत माहीत असते. सरांनाही माहीत असते. म्हणून तोंड बंद.

हे आजचं नाही. बाळू पालवणकर, चांभाराचं पोर. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात तासन्‌तास बॉलिंग टाकायचे. बॅट हातात मिळायची नाही. हिंदूंच्या संघात आले तर खेळताना हात चालायचा, पण चहा पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात या माणसानं ११४ बळी घेतले. तरी कप्तानपद नाही. पुढं १९३७ साली ते बाबासाहेबांच्या विरोधात निवडणुकीला उभे राहिले, हे मी विसरलेलो नाही. पण १९२० साली काय झालं ते ऐका. बाळूंना संघातून वगळलं, विठ्ठलला कप्तानपदासाठी डावललं. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी जाहीर निवेदन काढून संघातून अंग काढून घेतलं. मंडळी हादरली. तडजोड झाली, बाळू उपकप्तान झाले. १९२३ साली विठ्ठल कप्तान झाला. वर्षानुवर्षं बळी घेऊन जे मिळालं नाही, ते खेळायला नकार दिल्यावर हलायला लागलं.

अमेरिकेतही तेच. रटगर्स विद्यापीठात माईक राइस नावाचा बास्केटबॉलचा प्रशिक्षक होता. सरावात पोरांना ढकलायचा, अंगावर बॉल फेकून मारायचा, घाण शिव्या द्यायचा. त्याची चित्रफीत विद्यापीठानं २०१२ सालीच पाहिली. शिक्षा काय? तीन सामन्यांची बंदी आणि दंड. एप्रिल २०१३ मध्ये तीच चित्रफीत टीव्हीवर लोकांनी पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी त्याला काढलं. गुन्हा तोच होता. फक्त बघणारे वाढले.

आणि आपल्या बहिणी? जानेवारी २०२३ मध्ये देशाला मेडलं आणून देणाऱ्या पैलवान मुली जंतरमंतरवर बसल्या. कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांवर लैंगिक छळाचा आरोप. गुन्हा नोंदवायला एप्रिल उजाडला, तोही सुप्रीम कोर्टाचं दार वाजवल्यावर. ऑलिंपिकवाल्यांची ही गत, तर तालुक्याच्या कबड्डीतल्या पोरीचं कोण ऐकणार? टीमनंच ऐकायचं.

कायदा नाही असं नाही. चारचौघांसमोर जातीवरून अपमान केला तर १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा लागतो, आणि मैदान म्हणजे चारचौघंच. पोरगी-पोरगा अठराच्या आतला असेल तर लैंगिक छळाला २०१२ चा पॉक्सो आहे. बायांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामाच्या जागेत स्टेडियम आणि स्पर्धेचं ठिकाणही धरलंय. पण कायदा कपाटात राहतो. साक्षीला माणूस लागतो. त्या दिवशी साक्षीला मी होतो, आणि गप्प होतो.

म्हणून उद्यापासून आपल्या कॉलेजात चार गोष्टी मागा. लेखी मागा, पोच घ्या. निवडीच्या वेळा आणि अंतरं त्याच दिवशी फळ्यावर लागली पाहिजेत. प्रमाणपत्र ऑफिसातून, नोंदवहीवर मिळालं पाहिजे. सरांच्या मर्जीवर नाही. पोरींच्या संघाबरोबर बाई शिक्षक गेल्याच पाहिजेत. तक्रारीच्या चौकशीत खेळाडूंचा माणूस बसला पाहिजे. नाही म्हणाले तर संघ उतरवू नका. एकानं नाही, अख्ख्या टीमनं.

कुणी म्हणेल, शिस्त नको का? पाहिजे ना! पहाटे चारला अनवाणी पळणाऱ्याला शिस्त तुम्ही शिकवणार? घाम गाळायला आम्ही तयार आहोत. माणूसपण गाळायला नाही.

ही गंगाखेडची माती जनाबाईची. दुसऱ्याच्या घरचं दळण दळणाऱ्या बाईची. तिला जात्यावर विठ्ठलाची सोबत होती म्हणतात. मैदानावर आपल्याला सोबत आपलीच.

जाता जाता एवढंच. तो अकरावीतला पोरगा आज पुण्यात बांधकामावर आहे. आजच्या बैठकीला त्याला बोलावलं होतं. तो आला नाही. बरोबर केलं त्यानं. आधी मीच त्याच्या दारात जायला पाहिजे. जाणार आहे. तुमच्यातल्या कुणावर अशी पाळी येऊ नये. यादी लागेल त्या दिवशी एकट्यानं जाऊ नका.

जयभीम.