वाढत्या अंगाची छत्री



काल रात्री जेवताना तुमच्यापैकी तिघांनी मला एकच प्रश्न विचारला, "ताई, दोनशे उड्या झाल्या. आता लहान छत्री घेऊ का?" आजचं भाषण त्या तिघांसाठी आहे.

लहानपणी आई माझे फ्रॉक वाढत्या अंगाचे शिवायची. आज सैल, दोन वर्षांनी बरोबर. पॅराशूटची छत्री घेताना आपण तेच उलट्या बाजूनं करतो. आज झेपत नाही अशी लहान छत्री घेतो आणि म्हणतो, होईल सवय. मीही म्हटलं होतं. २८० उड्या झाल्या होत्या, छत्री १९० चौरस फुटांची होती. १५० ची एक स्वस्तात मिळाली आणि मी १७० ची पायरी गाळली. सगळ्या सामानासकट माझं वजन ८६ किलो, म्हणजे १९० पौंड. लोडिंग, म्हणजे छत्रीवरचा भार, दर चौरस फुटाला एक पौंड होता, तो सव्वाच्या वर गेला.

पाव पौंड ऐकायला किरकोळ वाटतो. पण वेग लोडिंगच्या वर्गमुळानं वाढतो, आणि जमिनीवर आपटलं तर हाडांना सोसावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे तीही पाव पटीनं जास्त. शिवाय लहान छत्रीच्या दोऱ्या आखूड. ती झटकन वळते आणि वळताना खाली बुडी मारते. म्हणूनच अंगानं बारीक मुलींना "तुझं लोडिंग तर एकच आहे, घाबरतेस काय" असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो. लोडिंग तेच असलं तरी १२० ची छत्री १९० च्या छत्रीपेक्षा कितीतरी चपळ असते.

नव्या छत्रीवरच्या अकराव्या उडीला मी विमानातून उशिरा बाहेर पडले. ड्रॉपझोन, म्हणजे उतरायची ठरलेली जागा, गाठणं शक्य नव्हतं. अनोळखी शेतात उतरताना तारेचं कुंपण दिसलं, तेव्हा साठेक फूट उंची उरली होती. उजवा टॉगल, म्हणजे छत्री वळवायची मूठ, खेचला. छत्री पूर्ण उघडलेली, धडधाकट. ती झुकली आणि मला घेऊन खाली गेली. नडगी दोन ठिकाणी मोडली.

अंथरुणात पडून मी लॉगबुक वाचत होते. जवळजवळ सगळ्या उड्या एकाच हिरवळीवर उतरलेल्या, वारा समोरून. दोन्ही टॉगल निम्मे ओढून धरायचे आणि एक बाजू थोडी सैल सोडायची, की छत्री फारशी न झुकता वळते, उंचीही थोडीच जाते. हे सपाट वळण मी जमिनीजवळ एकदाही घेतलं नव्हतं. जुन्या छत्रीवर ते हातात बसलं असतं, तर त्या कुंपणापाशी हात आपोआप तिकडे गेले असते.

स्कायडायव्हर बिल व्हॉन नोवॅक यांनी छत्री लहान करण्याआधीच्या कसोट्या लिहून ठेवल्या आहेत. पन्नास फुटांवर सपाट वळण, फ्लेअर करता करता, म्हणजे उतरताना दोन्ही टॉगल ओढून वेग कमी करता करता, वळणं, आडव्या वाऱ्यात आणि वारा नसताना उतरणं, दहा मीटरच्या वर्तुळात उतरणं. दोनशे या आकड्यातून मला यातलं काहीच कळत नाही. आधी उंचावर, मग प्रशिक्षकाच्या नजरेखाली पायरीपायरीनं हे सगळं आहे त्या छत्रीवर करा. अमेरिकेत बी परवान्यासाठी छत्री हाताळण्याचा वर्ग सक्तीचा आहे. तो तुम्ही केला असेल, तरी माप बदलताना पुन्हा करा.

अडचण पैशाची आहे, मला ठाऊक आहे. दोन छत्र्या कुणाला परवडतात? त्यात पाठीवरचा कंटेनर मापाचा. १५० साठी घेतलेल्या कंटेनरमध्ये १९० ची छत्री मावत नाही, मग मागे फिरायची वाटच बंद होते. म्हणून या परिषदेपुढे मी एक ठराव मांडते. २१०, १९० आणि १७० च्या छत्र्या, त्यांच्या मापाच्या कंटेनरांसह, आपण सगळ्यांनी मिळून घ्याव्यात आणि लागतील त्यांना वापरायला द्याव्यात. नडगी जुळल्यावर मी ज्या १९० वर परतले, ती अजून चांगली आहे, छत्र्या तपासणाऱ्या रिगरकडून तपासून घेतली आहे. मागच्या टेबलावर ठेवली आहे.