पासबुकातले सगळेच पैसे आपले नसतात

आमच्या गटाने पापडाच्या मशीनसाठी 18,000 रुपयांचा चेक दिला. दुकानदाराने तो तीन आठवडे गल्ल्यातच ठेवला. मधेच पासबुक भरून आणलं, तर शिल्लक 22,000! लगेच दोघींनी कर्ज मागितलं. मशीन समोर घरघरत होतं, तरी! खरे आपले होते फक्त 4,000.

आपण चेक दिला की पैसे दिले असं धरतो. बँक मात्र चेक तिच्याकडे आल्यावरच खात्यातून रक्कम वळती करते. चेक तारखेपासून तीन महिने चालतो, त्यामुळे दुकानदाराला घाई नसते. तेवढ्यात आपण पैसे काढले आणि चेक परत गेला, तर बँक दंड कापते. दुकानदाराची नोटीस आल्यावर 15 दिवसांत रक्कम दिली नाही, तर कलम 138 खाली खटलाही होऊ शकतो. सह्या करणाऱ्या बायांनाच मग तारखांना जावं लागतं.

आमची सचिव चेक लिहिला त्याच दिवशी वहीत रक्कम वजा करते. वटला की पुढे खूण. बैठकीत आधी न वटलेले चेक वाचतो, मग पासबुक. कर्जाचे अर्ज त्यानंतर.