आधी गळती, मग सोलर

ज्यांच्या घरात कुणाचं तरी वर्कशॉप, गॅरेज किंवा छोटा कारखाना आहे आणि लाईट बिल आलं की घरातलं वातावरण तापतं, त्यांच्यासाठी आजचा भाग.

माझ्या मामाचं कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. गेल्या उन्हाळ्यात त्याने ठरवलं, छतावर १५ किलोवॅटचं सोलर बसवायचं. कोटेशन आलं, बँकेत बोलणं झालं, राहतं घर तारण ठेवायचं ठरलं. मामी गप्प गप्प होती. मामा म्हणाला, "अगं, सबसिडी मिळते की!" पहिला घोळ इथेच. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी घरगुती ग्राहकांसाठी आहे, कारखान्यासाठी नाही.

मी जेवणाच्या सुट्टीत तिथे पोचले. सगळी मशिनं बंद. तरी कोपऱ्यातला १० एचपीचा कॉम्प्रेसर मधेच सुरू व्हायचा, थांबायचा, परत सुरू. "मामा, हवा कुणीच वापरत नाहीये, मग हा का चालतोय?"

"थोडी हवा जायचीच की!"

थोडी म्हणजे किती? मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं. दोन मिनिटं चालू, चार मिनिटं बंद. पुन्हा तेच. हिशोब सोपा आहे: चालू वेळेला एकूण वेळेने भागायचं. सहापैकी दोन. म्हणजे कॉम्प्रेसरची एक तृतीयांश ताकद नुसती गळतीत!

आता हे युनिटमध्ये बघा. १० एचपी म्हणजे साधारण साडेसात किलोवॅट. त्याचा तिसरा हिस्सा अडीच. आठ तासांची शिफ्ट धरली तर दिवसाला २० युनिट. आपल्याकडे १ किलोवॅट सोलर दिवसाला सरासरी ४ युनिटच्या आसपास देतं. म्हणजे १५ पैकी ५ किलोवॅटचं पॅनेल, जवळपास ५०० चौरस फूट छत, फक्त भोकं पोसायला. आणि त्यासाठी घर तारण!

हवा फुकट असते मंडळी, दाबलेली हवा नाही.

मग काय केलं? साबणाचं पाणी प्रत्येक जॉइंटवर लावलं, फेस आला की खडूने खूण. मग कॉम्प्रेसर बंद करून, लाईनमधला दाब सोडून दुरुस्ती: नवीन क्लिपा, टेफ्लॉन टेप, दोन फाटलेले पाईप बदलले. प्रेशरही ७ बारवरून ६ वर आणलं, कारण मशिनांना तेवढंच लागत होतं. एक बार कमी केला की कॉम्प्रेसरची वीज साधारण ६-७ टक्के वाचते. आणि सुट्टीत कॉम्प्रेसर बंदच.

पुन्हा स्टॉपवॉच लावलं. ४० सेकंद चालू, १० मिनिटं बंद.

सोलर वाईट आहे असं अजिबात नाही. दिवसा चालणाऱ्या कारखान्याला ते छान जुळतं, ऊन असतं तेव्हाच वीज लागते. मामाने बसवलंच. पण १० किलोवॅटचं, छोट्या कर्जात, घर तारण न ठेवता. कोटेशनवर सही झाली त्या दिवशी मामीने पुरणपोळी केली, एवढंच सांगते.

तर उद्या जेवणाच्या सुट्टीत तुमच्या घरच्यांच्या कारखान्यात जा, मशिनं बंद असताना दोन मिनिटं कान द्या. "सुस्स" ऐकू आलं तर स्टॉपवॉच काढा. किती मिनिटं चालू, किती बंद, व्हॉइस नोट करून पाठवा. भेटू पुढच्या भागात!