आरोग्यदूत : खेड्यात घडलेली परिचर्या



परिचारिका म्हटले की रुग्णालय, गणवेश आणि पदविका डोळ्यांपुढे येतात. परंतु २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यात परिचर्येचे शिक्षण निराळ्या मार्गानेही झाले. तेथील विद्यार्थिनी होत्या पाचवी ते दहावी शिकलेल्या, त्याच गावात राहणाऱ्या स्त्रिया.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली येथे ‘सर्च’ संस्था सुरू केली. त्या काळी खेड्यांत बहुतेक बाळंतपणे घरीच होत. रुग्णालय दूर, पावसाळ्यात नाले भरलेले, आणि ओल्या बाळंतिणीला घराबाहेर न काढण्याची रीत. म्हणून उपचारच घरी नेणे भाग होते. प्रारंभी बालकांच्या निमोनियावर काम झाले. मोजता न येणाऱ्या सुईणींसाठी मिनिटाचे वाळूचे घड्याळ व मण्यांची पट्टी तयार झाली. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावा. लाल मणी आला की निमोनिया समजावा.

पुढे १९९५ पासून ३९ गावांत नवजात बालकांची घरी काळजी घेण्याचा प्रयोग झाला. या ‘आरोग्यदूत’ स्त्रिया बाळाचे वजन करणे, ऊब देणे, स्तनपानास मदत करणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे आणि जंतुदोष ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे टप्प्याटप्प्याने शिकल्या. इतक्या अल्पशिक्षित हाती सुई द्यावी काय, ही शंका स्वाभाविक होती. म्हणूनच शिक्षण एका वर्गात संपले नाही. त्यांच्या कामाची व नोंदींची गावात जाऊन नियमित तपासणी होत असे.

हिशेब बोलका आहे. आरंभी या गावांत हजार जन्मांमागे ६२ नवजात बालके दगावत. १९९७-९८ मध्ये हे प्रमाण २५.५ वर आले. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. २०११ पासून केंद्र शासनाने नवजात बालकांसाठी आशा कार्यकर्तींच्या गृहभेटी देशभर सुरू केल्या.

आरोग्यासाठी दान करताना समाज बहुधा इमारत वा रुग्णवाहिका देतो. त्यांची गरज आहेच. परंतु मध्यरात्री बाळ निळे पडले, तर त्या क्षणी शेजारच्या घरातील शिकलेली स्त्रीच पोहोचते. तिचे शिक्षण, तिचे मानधन आणि तिच्या कामाची देखरेख यांसाठी दिलेला पैसाही तितकाच सत्कारणी लागतो. दानशूरांनी याचा अवश्य विचार करावा.